तुझा तोंडी पेपर राहिला

दादा,

तुझं दिवसकार्य आटोपून शाळेत परत गेले, त्या सकाळी हॅमिल्टनमध्ये इतकं धुकं होतं की गाडी लावायची जागा चाचपडत शोधावी लागली. वर्गात मात्र सगळे वेळेवर हजर होते आणि सगळ्यांनी चेहरे पाडून ठेवले होते. मी फळ्यावर नवा प्रश्न लिहिला. खिडकीजवळच्या मुलीने सवयीने हात वर केला आणि विचारलं, "मिस, यावर तुमच्या ब्रदरचं काय म्हणणं आहे?" विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात दाबला. मी म्हटलं, "असू दे. त्याचं म्हणणं काहीही असलं तरी मोठ्या आवाजात असतं." पोरं हसली, मीही हसले, आणि मग पाठ फिरवून फळ्याचा कोरा कोपरा पुसत राहिले.

त्यातल्या एकालाही तू कधी भेटला नाहीस. तरी यंदा त्या वर्गात तू होतास. इयर थर्टीनला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला, मी क्रिमिनॉलॉजी शिकवते याची तू इतकी वर्षं थट्टा करत आलास. "आमच्या बाई सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना चोरी कशी करायची ते शिकवतात," असं गणपतीला आलेल्या पाहुण्यांना सांगायचास. मी चिडायचे. चोरी कशी करतात ते नाही, का करतात ते, असं समजावायला लागायचे, तोवर तू मोदकांकडे वळलेला असायचास.

मग या फेब्रुवारीत भर दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, तुझ्या दुकानात तिघं शिरली. डोक्यावर हुड, तोंडाला फडकी. व्हेप्सचं, म्हणजे ई-सिगारेटींचं, कपाट फोडलं, हाताला लागेल ते पिशव्यांत भरलं, आणि तू आडवा आलास तसं एकीने तुला ढकललं. आइस्क्रीमच्या फ्रीजरवर आपटून तुझा खांदा मोडला. हॉस्पिटलमध्ये भेटायला आले तर तू आधी मलाच चिडवलंस, "घ्या बाई, तुमचं प्रॅक्टिकल." वहिनीने तुझ्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद तू गिळलास.

इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, दूध-पाव आणि लॉलीजचं, म्हणजे गोळ्या-चॉकलेटांचं. आईने शेवटपर्यंत सोसायटीत सगळ्यांना सांगितलं की आमच्या मोठ्याची न्यूझीलंडला डेअरी आहे, आणि लोक विचारायचे, म्हशी किती? ती बिनदिक्कत म्हणायची, गाई आहेत. तुला ते फार आवडायचं. रस्त्यापलीकडच्या शाळेतली पोरं दुपारी दुकानात घुसली की तू मला फोनवर म्हणायचास, "थांब, गाई आल्या." त्यातल्या प्रत्येकाचं नाव तुला पाठ असायचं. कोणाला आंबट लॉलीज लागतात, कोणाच्या आईने साखर बंद केली आहे, कोणाचा दात पडलाय. माझ्या स्वतःच्या वर्गातली नावं मला एप्रिल उजाडेपर्यंत पाठ होत नाहीत.

खांद्याचं ऑपरेशन झालं, दुकान वहिनीने सांभाळायला घेतलं, आणि तू घरात बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिरी वाटायला लागलास. एक दिवस मला म्हणालास, "तुम्ही शिकवता काय नक्की? आण बघू तुझी ती हॅंडआउट्स." मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून. मी आणून दिली. पुढच्या रविवारी बघते तर तू डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, पोरांना दिलेला स्वाध्याय सोडवून ठेवला होतास.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. रविवारी मी यायचे, वहिनी पोहे करायची, आणि घरामागच्या लाकडी डेकवर बसून मी तुझा पेपर तपासायचे. इथल्या पद्धतीप्रमाणे पहिल्या वेळी मी तुला 'अचीव्ह्ड' दिलं.

"अचीव्ह्ड? म्हणजे काठावर पास ना? वर काय असतं?"

"मेरिट. त्याच्या वर एक्सलन्स."

"मग मला मेरिट का नाही?"

"कारण प्रश्न आहे, तरुण मुलं गुन्ह्याकडे का वळतात. तू लिहिलंयस, आईबाप लक्ष देत नाहीत म्हणून, आणि पुढचं पानभर सरकारला शिव्या दिल्यास."

"सगळं खरं आहे ते."

"खरं असेल. पुरावा कुठाय?"

"हा बघ," म्हणून तू बांधलेला खांदा पुढे केलास.

तुझी उत्तरं मी वर्गात वाचून दाखवायला लागले. तुला विचारून, अर्थात. पोरांना ती मनापासून आवडायची, कारण तू त्यांच्या बाजूचा नव्हतास आणि तरी त्यांचेच धडे नीट वाचायचास. गरिबीबद्दल, फुटलेल्या घरांबद्दल, शाळेतून काढून टाकलेल्या मुलांबद्दल आम्ही आठवडेच्या आठवडे बोलत होतो. तू एका पेपरच्या शेवटी लिहिलंस, 'यात गुन्हा करणाऱ्याची आजीसुद्धा आहे. काउंटरच्या मागचा माणूस कुठे आहे?' त्या ओळीवर आम्ही दोन तास घालवले. ते मी तुला सांगितलं होतं ना? सांगितलं असावं. दिलं मात्र तेव्हाही अचीव्ह्डच, कारण बाकीचा पेपर भरकटलेला होता. द्यायला हवं होतं मेरिट. काय बिघडलं असतं माझं?

मग मी शिक्क्याचा धडा आणला. एखाद्या पोरावर एकदा चोराचा शिक्का बसला की जग त्याच्याकडे त्याच नजरेने बघतं, आणि पोर हळूहळू तसंच होत जातं, असा तो विचार आहे. बारावीच्या मुलांना तो लगेच पटतो, कारण प्रत्येकावर कसला ना कसला शिक्का बसलेला असतो. तुला तो पटेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी तुझ्या आरडाओरड्याची तयारी करूनच आले होते. तू ओरडला नाहीस. चहाचा कप हातात धरून विचारलंस, "शिक्का मारतं कोण?"

"पोलीस, कोर्ट, शाळा. एकूण समाजच."

"दुकानदार?"

"दुकानदारही समाजातच आला की."

तू मान हलवलीस आणि फुटबॉल लावलास. पुढचे दोन रविवार तू पेपर लिहिला नाहीस. खांदा दुखतोय म्हणालास. मला वाटलं, कंटाळलास. थोडं बरंच वाटलं, खरं सांगायचं तर, कारण मी तुला एखाद्या मुद्द्यावर गप्प केलंय असा माझा समज झाला होता. आपल्या घरात असं कितीदा घडलं?

तुला ढकलणारी पोरगी पोलिसांना सापडली होती, आणि त्याच सुमारास कॉन्फरन्सचं आमंत्रण आलं. इथे अठराच्या आतल्या मुलांना कोर्टात खेचण्याआधी एका खोलीत बसवतात. मूल, त्याच्या घरचे, पोलीस, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस. त्याने यायचं की नाही हे त्याने ठरवायचं. आला तर त्याला काय भोगावं लागलं ते तो सांगतो, मूल ते ऐकतं, आणि पुढे काय करायचं ते सगळे मिळून ठरवतात. मी हे दर वर्षी शिकवते. वर्गात खुर्च्या गोल मांडून पोरांकडून त्याचं नाटकही करवून घेते. त्यामुळे तुझ्या हातात तो कागद बघून मला जवळजवळ आनंदच झाला. तू गेलंच पाहिजेस, असं मी ताबडतोब जाहीर केलं.

"मी नाही जाणार," तू म्हणालास.

मग सुरू झालं आपलं. तू म्हणालास, त्या पोरीला तुझ्यासमोर बसवून सॉरी म्हणायला लावायचं आणि मग सगळ्यांनी चहा-बिस्किटं खायची, हे नाटक तुला नको. मी म्हटलं, नाटक नाही, हीच एक गोष्ट इथे धड चालते. तू म्हणालास, "तुला माझ्यापेक्षा त्या पोरांची काळजी जास्त." मी म्हटलं, "त्यांचं आख्खं आयुष्य पुढे पडलंय." तू म्हणालास, "आणि माझं?"

त्यावर मी काही बोलले नाही. वहिनी आतून ओरडली की शेजाऱ्यांना ऐकू जातंय, आणि आपण दोघंही तिच्यावर खेकसलो. बस, तेवढ्यावर ते भांडण थांबलं. तू गेल्यापासून ते दोन शब्द माझ्या कानातून जात नाहीत. तुला तेव्हा चेष्टेतच म्हणायचं होतं हे मला कळतं. तरीही मी उत्तर द्यायला हवं होतं. आहे की दादा, खूप आहे अजून, एवढं म्हणायला हवं होतं. खोटं ठरलं असतं, पण तुझ्या कानावर पडलं असतं.

कॉन्फरन्स दोनदा पुढे गेली. एकदा तुझ्या खांद्यामुळे, एकदा त्या मुलीची आजी हॉस्पिटलमध्ये होती म्हणून. आणि मग एका संध्याकाळी तुझा फोन आला. मी मंगळागौरीच्या कार्यक्रमाची तालीम सोडून घेतला.

"जातो मी," तू म्हणालास.

"कुठे?"

"तुझ्या त्या खुर्च्यांच्या गोलात. पण तू बरोबर यायचं नाहीस."

"का?"

"तू मार्क देशील."

मी हसले. म्हटलं, निदान काय बोलणार आहेस ते सांग, मी बघते नीट आहे का. तू म्हणालास, "बोलायचं काही नाही. एकच गोष्ट विचारायची आहे तिला. तोंडी पेपर आहे हा, बाई. तिथेच देणार." मी खूप खोदलं. तू दाद दिली नाहीस. जन्मभर माझ्यापाशी तुझ्या पोटात काही राहिलं नाही आणि हेच नेमकं राहिलं.

आणि ती तारीख येण्याआधीच तू गेलास. कसा गेलास, किती वाजता, कोण जवळ होतं, हे मी गेल्या काही आठवड्यांत इतक्यांना सांगितलंय की आता तुला सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, खांद्याचा आणि हृदयाचा काही संबंध नाही. वहिनी म्हणते, आहे. मी दोघांनाही हो म्हणते.

त्या कॉन्फरन्सवाल्या बाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी तारीख पक्की करायला तुझ्या मोबाइलवर फोन केला. तो वहिनीने उचलला, ऐकून घेतलं आणि माझ्या हातात दिला. बाई फार हळहळल्या. म्हणाल्या, घरातलं कोणी त्यांच्या वतीने येऊ शकतं, नाही आलं तरी चालेल. मी वहिनीकडे बघितलं.

"मी नाही जाणार," वहिनी म्हणाली. "मला त्या मुलीचं तोंड बघायचं नाहीये. तू जा. तुझाच विषय आहे ना."

तिने ते टोचून म्हटलं की थकून, मला कळलं नाही. पण मी हो म्हटलं.

आदल्या दिवशी मी तुझ्या वतीने काय बोलायचं ते लिहायला बसले. दादा, तुला सांगते, दहा मिनिटांत लिहून झालं. क्षमा होती त्यात, समजूत होती, मुलीच्या पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा होत्या. मोठ्याने वाचून बघितलं. एक्सलन्स. आणि त्यातला एक शब्दही तुझा नव्हता. आपलं भांडण मी तू नसताना, तुझ्याच तोंडून, जिंकून टाकलं होतं. मी ते फाडलं. मग तुला शोभेल असं रागाचं काही लिहायला गेले, तर तेही जमेना, कारण तू त्या फोनवर रागात नव्हतास. तू कसा होतास तेच मला आठवून आठवून सापडत नव्हतं. शेवटी रिकाम्या हाताने गेले.

तिथे जे बोललं जातं ते बाहेर सांगायचं नसतं, मुलीचं नाव तर कुठेच लिहायचं नसतं. म्हणून हा मजकूर कोणाला दाखवणार नाही. पण तू बाहेरचा नाहीस. ती खुर्ची तुझी होती.

एका कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. सगळ्यांनी उठून किया ओरा म्हणत एकमेकांना नमस्कार केला, एका आजोबांनी माओरी भाषेत छोटी प्रार्थना म्हटली. मुलगी आजीशेजारी बसली होती, पंधरा वर्षांची, पायात जंडल्स, म्हणजे नुसत्या रबरी चपला, एवढ्या थंडीत. आणि तिला बघितल्याबरोबर, दादा, मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मला! शिकवलेलं सगळं डोक्यातून धुऊन गेलं. हिच्या हाताने तू पडलास, एवढंच दिसत होतं. फुटलेलं घर असेल, गरिबी असेल, असेना का. माझा भाऊ कुठाय? त्या क्षणी तू शेजारी असतास तर मी तुला म्हटलं असतं, तुझंच बरोबर होतं, चल घरी.

पोलीस अधिकाऱ्याने काय घडलं ते वाचून दाखवलं. सरळ, कोरडं. आणि त्यात एक वाक्य आलं, की दुकानदाराने तिघांपैकी एकीला ओळखलं, ती लहानपणापासून दुकानात येत असे, आणि तिचं नाव त्यानेच पोलिसांना सांगितलं.

मी त्यांना थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

तू मला सांगितलं नाहीस. सहा महिने दर रविवारी माझ्यासमोर बसलास आणि सांगितलं नाहीस. ती तुझ्या गाईंपैकी होती. कोणाला किती आंबट आवडतं, त्यातली. तोंडाला फडकं बांधलेलं असूनही तू तिला ओळखलंस, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून तिचं नाव दिलंस. आणि त्यानंतर मी, अतिशहाणी, तुझ्या हातात शिक्क्याचा धडा ठेवला. तू विचारलंस, दुकानदार? आणि मी म्हटलं, तोही समाजातच आला. मी तुझ्याशी भांडत होते त्या पोरांची बाजू घेऊन, आणि तू घरी बसून, न सांगता, माझ्याच बाजूला येऊन ठेपला होतास. आणि आता इथे मी तुझ्या बाजूला उभी होते. आपली गाठच पडली नाही.

माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझा भाऊ आज येणार होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्याला हिला एक गोष्ट विचारायची होती. काय ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मी त्याच्या नावावर काही बनवून सांगणार नाही." मग वहिनी अजूनही दुकानात एकटी उभी राहत नाही, ते सांगितलं. आइस्क्रीमचा फ्रीजर तिने विकून टाकला, तेही सांगितलं.

मुलीजवळ घडी केलेला कागद होता. तिने तो उघडला, बघितला, आणि पुन्हा घडी करून आजीकडे दिला. "हे त्यांच्यासाठी लिहिलं होतं," म्हणाली. मग मला विचारलं, "ते माझ्यावर रागावले होते?"

"रागावला होता," मी म्हटलं. "पण तुझ्यावर की स्वतःवर, मला माहीत नाही."

तिने मान खाली घातली. कॉन्फरन्सवाल्या बाई मधे काही बोलणार होत्या, आजीने त्यांना हाताने थांबवलं. मग मुलगी मान वर न करता बोलली. तुला ढकलल्यावर ती दाराकडे पळाली. मागून तू तिला तिच्या नावाने हाक मारलीस, ओरडून नाही, रोज दुकानात मारायचास तशी. ती थांबली नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, मी काही ऐकलं नाही. आजीलाही तेच सांगितलं.

"पण मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "त्यांना सांगाल?"

दादा, तुला ठाऊक आहे, मी तुझ्या फोटोला हारसुद्धा वहिनीच्या आग्रहाखातर घातला. गेलेल्या माणसाला काही सांगता येतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी त्या पोरीला तसं सांगू शकले असते. मी म्हटलं, "सांगते."

तुला हेच विचारायचं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित भलतंच काही असेल. पण मी शब्द दिलाय, म्हणून सांगतेय.

तिला ऐकू आली होती तुझी हाक.